महामार्गावरील पोलीस आणि त्यांची बिनतारी यंत्रणा

घाटंजी हें गांव कोणत्याहि मोठ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेलें नाहीं. तथापि महामार्गांशीं आमचा संबंध रोजचा आहे. आमचा कापूस, आमचीं औषधें आणि नागपुरास शिकावयास गेलेलीं आमचीं मुलें हीं सर्व बहुधा दोनपैकीं एका मार्गानें ये-जा करितात. एक मार्ग वायव्येस यवतमाळवरून जातो. नागपूर, वर्धा, यवतमाळ, आर्णी, उमरखेड असा तुळजापूरकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ होय. दुसरा आमच्या पूर्वेस पांढरकवड्यावरून जातो आणि पाटणबोरीच्या पुढें पैनगंगा ओलांडून तेलंगणांत शिरतो. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणाऱ्या ह्या मार्गास पूर्वीं ७ क्रमांक होता, आतां ४४ आहे. जुनीं माणसें मात्र अजूनहि त्यास 'सात नंबर' म्हणतात.

ह्या मार्गांवर रात्रीं अपघात झाला, म्हणजे जखमी माणसाजवळ सर्वांच्या आधीं पोहोंचतो तो बहुधा जवळचा एखादा गांवकरी किंवा मागून येणारा ट्रकवाला, आणि त्यानंतर गस्तीवरील पोलीस. त्या पोलिसाजवळ लाठी असते, शिटी असते, अंधारांत चकाकणारें जाकीट असतें. परंतु जखमीचे प्राण ज्या वस्तूवर अवलंबून असतात ती वस्तु म्हणजे त्याच्या गाडींतील अथवा हातांतील बिनतारी संच. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तींत 'सुवर्ण तास' ह्या शब्दाची व्याख्याच घातलेली आहे. गंभीर इजा झाल्यापासूनचा जो एक तास, ज्यांत त्वरित उपचार मिळाल्यास मृत्यु टळण्याचा संभव सर्वांत अधिक, तो सुवर्ण तास. त्या साठ मिनिटांतील दहा मिनिटें जर 'हॅलो, ऐकूं येतें कां?' ह्यांतच गेलीं, तर वैद्यांच्या हातीं पन्नासच उरतात. म्हणून पोलिसांचे जुने संच बदलून नवे घेणें हा केवळ खरेदीखात्याचा विषय नसून तुमच्या-आमच्या घरचा विषय आहे. त्या बदलाचें मर्म काय, त्यांत लाभ कोणता आणि धोका कोणता, हें आमच्या वाचकांस सांगावें अशा हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम थोडा इतिहास. पोलिसांच्या मोटारीस बिनतारीची जोड देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग अमेरिकेंतील डेट्रॉईट शहरीं झाला. तेथील पोलिसांनीं १९२२ च्या सुमारास एक प्रक्षेपण केंद्र काढलें. परंतु सरकारी परवाना मिळाला तो करमणुकीच्या केंद्राचा, त्यामुळें चोरीस गेलेल्या मोटारींचीं वर्णनें सांगतां सांगतां मध्येंच गाणींहि वाजवावीं लागत! अनेक खटपटींनंतर ७ एप्रिल १९२८ रोजीं तेथें नियमित पोलीस-प्रक्षेपण सुरू झालें. तेंहि एकमार्गी होतें. मोटारींतील शिपायास ऐकूं येई, पण उत्तर देतां येत नसे. उत्तर द्यावयाचें तर गाडी थांबवून कोठेंतरी दूरध्वनि गांठावा लागे. १९३३ सालीं न्यू जर्सींतील बेयॉन गांवच्या पोलिसांनीं दुमार्गी संच वापरावयास घेतला, आणि १९४० मध्यें कनेक्टिकट संस्थानच्या पोलिसांनीं प्राध्यापक डॅनियल नोबल ह्यांच्या योजनेनुसार एफ.एम. पद्धतीची यंत्रणा संबंध संस्थानभर उभारली. ही पद्धति एडविन आर्मस्ट्राँग ह्या संशोधकानें काढलेली. तिच्यांत मोटारीच्या ठिणग्यांचा व विजेचा खरखराट पुष्कळच कमी ऐकूं येतो, म्हणून धांवत्या गाडीस ती फार मानवली. पुढें पन्नास-साठ वर्षें जगांतील बहुतेक पोलीसदळांनीं हीच पद्धति चालविली.

आपल्या देशांत पोलिसांच्या बिनतारी कामांत एकसूत्रीपणा यावा म्हणून १९४६ सालीं मध्यवर्ती सरकारनें एक स्वतंत्र कार्यालय काढलें. आज तें पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय ह्या नांवानें ओळखलें जातें. त्या काळीं यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचें मुख्य ठाणें पुणें येथें आहे. आरंभीं दूरच्या ठाण्यांशीं बोलणें तोंडानें होत नसून मोर्सच्या कट्ट-कडकट्ट लिपींत होई. कानास नळ्या लावून बसलेला यंत्रचालक पानेंच्या पानें संदेश उतरून घेई. ती विद्या आतां लोपत चालली आहे, आणि आमच्या मतें तिजबरोबर एक मोठा गुणहि लोपत आहे; तो म्हणजे थोडक्या शब्दांत नेमकें सांगण्याचा.

आतां हा संच चालतो कसा तें पाहूं. संचांतील प्रक्षेपक आपल्या आवाजाच्या अनुरोधानें विद्युत्‌-चुंबकीय लहरी बाहेर सोडतो. पोलिसांच्या पुष्कळशा संचांत ह्या लहरींचीं आंदोलनें सेकंदास सुमारें १५ कोटी असतात. लहरींचा वेग सेकंदास ३० कोटी मीटर. तेव्हां एका लहरीची लांबी सुमारें २ मीटर भरते. इतक्या आंखूड लहरी प्रकाशाप्रमाणेंच बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. त्या थोड्या वांकतात, झाडांतून कांहीं अंशीं पार होतात. परंतु आड टेकडी आली कीं टेकडीपलीकडे त्यांची सांवली पडते. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें सपाट मैदानांतहि त्यांस मर्यादा असतेच.

ही मर्यादा काढण्याचें एक साधें सूत्र आहे, आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें वहींत करून पाहण्याजोगें आहे. दोन्हीं टोकांच्या आकाशतारांची उंची मीटरांत घ्यावी, प्रत्येकीचें वर्गमूळ काढावें, त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ नें गुणावें. येणारा आंकडा किलोमीटरांतील अंतर होय. दोन शिपाई मोकळ्या रानांत हातांत संच घेऊन उभे आहेत असें समजा. संचाची उंची दीड मीटर. दीडचें वर्गमूळ १.२२, दोघांची बेरीज २.४४, गुणाकार सुमारें १०. म्हणजे दहा किलोमीटरांपलीकडे त्यांची गांठ पडणें कठीण, आणि मध्यें झाडी, घरें व चढउतार असल्यास दोन-तीन किलोमीटरांतच आवाज बुडतो. आतां एका टोकास ३० मीटर उंचीचा मनोरा उभारा. तीसचें वर्गमूळ ५.४८, त्यांत १.२२ मिळवून ४.१२ नें गुणिलें तर अंतर २७ किलोमीटरांच्या वर जातें. तोच मनोरा आसपासच्या प्रदेशाहून १०० मीटर उंच टेकडीवर नेला, तर केवळ टेकडीच्या उंचीनेंच ४६ किलोमीटर. संचाची शक्ति वाढविल्यानें जें साधत नाहीं तें उंचीनें साधतें, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

ह्याकरितांच डोंगरमाथ्यावर जें यंत्र बसवितात त्यास रिपीटर म्हणतात. तें एका वारंवारतेवर ऐकतें आणि त्याच क्षणीं दुसऱ्या वारंवारतेवर अधिक जोरानें तेंच बोलून दाखवितें. एखाद्या गांवांत दवंडी देणारा जसा पाटलाचें बोलणें चावडीवरून सर्वांस ऐकवितो, तसेंच हें काम. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ४४५ मीटर उंचीच्या पठारावर आहे. तेथून घाटंजीकडे येतांना रस्ता उतरत जातो. पठाराच्या कडेवर उभ्या असलेल्या मनोऱ्यास दूरचें मैदान दिसतें, पण त्याच कडेच्या पायथ्याशीं असलेला ओढा दिसत नाहीं. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हा. पोलीस ज्यास 'डेड स्पॉट' म्हणतात त्या जागा बहुधा अशाच असतात: घाटाचें वळण, पुलाचा खोलगट भाग, दाट साग. आणि दुर्दैव असें कीं, अपघातहि वळणावर आणि पुलावरच अधिक होतात.

येथें पुष्कळ पालक विचारतील, 'आजकाल प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे. मग हें जुनें लोढणें कशास?' प्रश्न रास्त आहे व त्याचें उत्तर सविस्तर दिलें पाहिजे. मोबाईलचें संभाषण एकाचें एकाशीं असतें. क्रमांक लावावा लागतो, घंटा वाजावी लागते, पलीकडच्यानें तो उचलावा लागतो. बिनतारी संचावर एकानें बटण दाबून एक वाक्य उच्चारलें कीं त्या वाहिनीवरील सर्व गाड्या, सर्व ठाणीं व नियंत्रण कक्ष यांस तें एकदम ऐकूं जातें. दुसरें असें कीं, संकटकाळीं मोबाईलवर सर्व जनता एकाच वेळीं तुटून पडते. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मोबाईलचीं जाळीं ठिकठिकाणीं बंद पडलीं. ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील बाँबस्फोटांनंतर तीं इतकीं गजबजलीं कीं लोकांस घरच्या माणसांशीं बोलतां येईना. पोलिसांची स्वतःची वाहिनी असली म्हणजे त्या गर्दींत त्यांस रांगेंत उभें राहावें लागत नाहीं.

बिनतारीवरील एका वाक्याचें मोल किती, ह्याचें उदाहरण महाराष्ट्र विसरणार नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईवर हल्ला झाला. दोन हल्लेखोर एक चंदेरी रंगाची स्कोडा मोटार बळकावून निघाले असल्याची खबर नियंत्रण कक्षानें बिनतारीवरून प्रसृत केली. गिरगांव चौपाटीजवळ नाकाबंदीस उभ्या असलेल्या पथकानें ती ऐकली. मोटार आली, अडथळे पाहून थांबली, सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनीं हातांत केवळ लाठी असतां पुढें होऊन हल्लेखोराच्या बंदुकीची नळी धरून ठेविली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्या सहकाऱ्यांनीं कसाबास जिवंत पकडलें. ओंबळे ह्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. त्यांचें शौर्य त्यांचें स्वतःचें होतें, यंत्राचें नव्हे. परंतु कोणती मोटार अडवावयाची हें त्या पथकास योग्य वेळीं समजलें नसतें, तर ती मोटार शेंकडो मोटारींतील एक होऊन निघून गेली असती.

मग जुनी यंत्रणा इतकी उपयुक्त असतां ती बदलावयाची कां? तिच्यांत दोन मोठीं वैगुण्यें आहेत. पहिलें, एका वाहिनीवर एका वेळीं एकच माणूस बोलूं शकतो. दोघे एकदम बोलले तर ज्याची लहर प्रबळ त्याचाच आवाज उमटतो, दुसऱ्याचा अजीबात लोपतो. दहा गाड्या एकाच वाहिनीवर असल्या आणि एकाच रात्रीं दोन ठिकाणीं गाड्या उलटल्या, तर कोणाचें बोलणें आधीं ऐकावें हा मोठाच पेंच पडतो. दुसरें, साधा ग्राहक संच असलेला कोणीहि मनुष्य तीं बोलणीं ऐकूं शकतो. नाकाबंदी कोठें लागली हें वाळूचोरास वा जनावरांची चोरटी वाहतूक करणाऱ्यास आधींच समजूं लागलें, तर गस्तीचा उपयोग काय?

नव्या डिजिटल पद्धतींत आवाजाचे आंकडे बनवितात आणि ते आंकडे लहरींवरून धाडतात. आंकडे दाबून लहान करतां येतात, म्हणून एकाच वाहिनीचे काळाच्या मापानें दोन भाग पाडणें शक्य होतें. पोलिसांत रूढ होत असलेल्या डी.एम.आर. पद्धतींत प्रत्येक भाग ३० सहस्रांश सेकंदांचा असतो. पहिला भाग एका संभाषणाचा, पुढचा दुसऱ्याचा, पुन्हां पहिल्याचा, असें आळीपाळीनें चालतें. ६० सहस्रांश सेकंदांत उच्चारलेलें बोलणें ३० मध्यें कोंबून पाठविलें जातें, आणि ऐकणाऱ्याच्या संचांत तें पुन्हां मूळच्या लांबीचें होतें. कानास ह्यांतलें कांहींच कळत नाहीं. युरोपांत १९९५ च्या सुमारास ठरलेल्या टेट्रा पद्धतींत एका वाहिनीचे असे चार भाग पडतात; ती दाट वस्तीच्या शहरांस अधिक सोयीची, पण तिला मनोरे अधिक लागतात. आमच्या जिल्ह्यासारख्या विरळ व लांबलचक प्रदेशास डी.एम.आर. सारखी पद्धतच परवडेल असें आम्हांस वाटतें.

ह्याशिवाय आणखी एक युक्ति आहे. तिला ट्रंकिंग म्हणतात. तिचें वर्म एस.टी.च्या तिकीटखिडकीवर समजून घेतां येईल. चार खिडक्या आहेत आणि प्रत्येकीपुढें वेगळी रांग आहे. तुमच्या रांगेंतील एक गृहस्थ सुट्या पैशांवरून वाद घालीत बसले, तर शेजारची खिडकी रिकामी असूनहि तुम्ही अडकतां. त्याऐवजीं सर्वांची एकच रांग केली आणि जी खिडकी मोकळी होईल तिकडे पुढच्यानें जावें असें ठरविलें, तर त्याच चार खिडक्यांत काम जलद होतें. ट्रंकिंगमध्यें वाहिन्या म्हणजे खिडक्या, आणि रांग लावून देणारा कारकून म्हणजे एक संगणक. शिवाय प्राणसंकटांत सांपडलेल्या शिपायानें संचावरील तांबडें बटण दाबलें, तर हा कारकून त्यास रांग मोडून पुढें घेतो. रांगांचें हें गणित कोपनहेगनच्या एरलांग नांवाच्या दूरध्वनि-अभियंत्यानें विसाव्या शतकाच्या आरंभींच मांडून ठेविलें आहे.

डिजिटल संचाचा तिसरा लाभ असा कीं, आवाजाबरोबर गाडीचें स्थानहि नियंत्रण कक्षास कळविलें जातें. नकाशावर प्रत्येक गाडी ठिपक्यासारखी हालतांना दिसते, आणि अपघाताच्या सर्वांत जवळ कोणती आहे हें विचारावें लागत नाहीं. ह्यावरून आम्हांस आमच्याच शेजारची एक गोष्ट आठवते. टिपेश्वर अभयारण्यांतील एका तरुण वाघाच्या गळ्यांत वनखात्यानें रेडिओ-पट्टा बांधला होता. २०१९ सालीं तो तेथून निघाला, शेतें, ओढे व रस्ते ओलांडीत एक हजार किलोमीटरांहून अधिक भटकला आणि अखेर बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत जाऊन राहिला. तो कोठें आहे हें उपग्रहाच्या द्वारें अधिकाऱ्यांस कळत होतें. वाघाचा ठावठिकाणा जर इतका नेमका सांगतां येतो, तर रात्रीं दोन वाजतां एकट्यानें ट्रक तपासणाऱ्या शिपायाचा कां सांगतां येऊं नये?

तथापि नवें तें सर्व सोनें नव्हे, आणि ह्या बाबतींत आम्ही वाचकांस थोडें सावध करूं इच्छितों. जुन्या संचावर दूर जाऊं लागलें कीं आवाजांत खरखर वाढूं लागते; परंतु सरावलेला कान त्या खरखरींतूनहि शब्द वेंचून घेतो. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग कड्यावरून पडावें तसा एकदम नाहींसा होतो. बोलणाऱ्यास वाटतें आपलें बोलणें पोहोंचलें, पलीकडे शांतता. दुसरें, आवाज दाबणारें यंत्र मनुष्याच्या वाणीच्या मापानें बनविलेलें असतें. त्यांत भोंगा, इंजिनाची घरघर, वादळी पाऊस मिसळला म्हणजे तें गोंधळतें आणि भलतेच उच्चार उमटतात. अमेरिकेंतील अग्निशामक दलांस हा अनुभव आला आहे. आमच्या जिल्ह्यांत वणी आहे आणि आर्णीहि आहे. एक पूर्वेच्या टोकास, दुसरी पश्चिमेच्या बाजूस. पहिलें अक्षर गळालें तर रुग्णवाहिका कोणत्या दिशेस धांवेल? म्हणून गांवाच्या नांवाबरोबर तालुक्याचें नांव किंवा मार्गाचा क्रमांक सांगण्याची शिस्त नव्या संचावरहि तितकीच आवश्यक राहते. मोटारींचे क्रमांक सांगतांना 'एम' साठीं 'माईक', 'एच' साठीं 'हॉटेल' असे ठरीव शब्द वापरतात तेंहि ह्याच कारणास्तव.

संदेश गुप्त ठेवण्याची सोय हा नव्या संचांचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो, आणि तो खराहि आहे; पण आंधळा विश्वास तेथेंहि बरा नव्हे. टेट्रा पद्धतींतील एका कुलुपाची किल्ली ८० अंकी द्विमान संख्येची असल्याचें मानलें जात होतें. २०२३ सालीं नेदरलंडच्या कांहीं संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, तें कुलूप वस्तुतः ३२ अंकी किल्लीइतकेंच बळकट आहे. बत्तीस अंकांच्या किल्ल्या एकंदर सुमारें ४२९ कोटी होतात. माणसास ही संख्या अफाट वाटते. संगणकास त्या सर्व लावून पाहणें कठीण जात नाहीं.

परंतु सर्वांत मोठा धोका नव्या-जुन्याच्या सांध्यांत आहे. महामार्ग पोलिसांस नवे संच मिळाले आणि गांवच्या ठाण्याकडे जुनेच राहिले, तर दोघे एकाच पुलाच्या दोन टोकांस उभे राहूनहि एकमेकांशीं बोलूं शकणार नाहींत. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्क येथें ह्याची भयंकर प्रचीति आली. त्या उंच मनोऱ्यांवर घिरट्या घालणाऱ्या पोलिसांच्या हेलिकॉप्टरांतून इमारत ढासळण्याचा इशारा दिला गेला; पण पोलिसांचे व अग्निशामकांचे संच भिन्न वाहिन्यांवर होते, आणि तो इशारा आंत चढत असलेल्या अग्निशामकांच्या नायकांपर्यंत पोहोंचला नाहीं. इमारतींच्या आंत तर कित्येकांस परत फिरण्याचा हुकूमहि ऐकूं गेला नाहीं. त्या दिवशीं ३४३ अग्निशामक मृत्यु पावले. सर्वच त्या एका कारणानें गेले असें कोणी म्हणणार नाहीं. तरी त्यानंतर अमेरिकेनें सर्व साहाय्यक दलांसाठीं एक सामायिक जाळें उभारण्याचें ठरविलें आणि २०१२ सालीं तसा कायदा केला.

आमच्या मार्गांवरहि एका अपघातास चार दलें धांवतात. महामार्ग पोलीस, गांवचें पोलीसठाणें, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची १०३३ क्रमांकावर चालणारी गस्त व क्रेन. टिपेश्वरजवळ रस्त्यावर एखादें जनावर मोटारीस आडवें आलें असेल तर पांचवें वनखातें, आणि पैनगंगेपलीकडे सहावें तेलंगणाचें पोलीसदल. ह्या प्रत्येकाची बोलण्याची सोय निराळी. पुलाच्या मध्यावर अपघात झाला तर नदीच्या दोन्हीं कांठांवरील पोलीस दूरध्वनीनेंच एकमेकांस हांक मारणार. म्हणून संच बदलतांना एकतरी सामायिक वाहिनी राखून ठेवणें, व नवा संच जुन्या पद्धतीवरहि बोलूं शकेल असाच घेणें, ह्यास आम्ही कोणत्याहि चकचकीत सोयीपेक्षां अधिक महत्त्व देतों. सुदैवानें डी.एम.आर. संचांत ही दुहेरी सोय सामान्यतः असते. ती कागदावर न राहतां रोज वापरली गेली पाहिजे.

बदल करण्याची रीति कशी असावी? आधीं रस्ता मोजावा. एका गाडींत संच व मापक यंत्र ठेवून संबंध मार्ग दिवसा एकदां व रात्रीं एकदां, उन्हाळ्यांत एकदां व पावसाळ्यांत साग पानांनीं भरला असतां एकदां, असा फिरून पाहावा, आणि जेथें आवाज बुडतो त्या जागा नकाशावर तांबड्या शाईनें खुणाव्या. मनोरा कोठें उभारावा हें त्या खुणांनीं ठरवावें, सोयीची जागा कोठें मिळते ह्यावरून नव्हे. प्रत्येक वारंवारतेस दूरसंचार खात्याच्या परवान्याची गरज असते, आणि तो मिळण्यास वेळ लागतो. यंत्रें येऊन पडलीं व परवाना नाहीं, असें होऊं देऊं नये. टेकडीवरील रिपीटरची वीज गेली तर त्याच्या बॅटरीनें निदान एक वादळी रात्र काढली पाहिजे; सूर्यपत्रें असल्यास उत्तम. वीज कोसळल्यास ती जमिनींत नेणारी तांब्याची पट्टी धड असावी. ही पट्टी चोरीस जाते, आणि तिच्याअभावीं लाखोंचें यंत्र एका क्षणांत जळतें! नवी यंत्रणा पुरती रुळेपर्यंत जुनी उतरवूं नये. आणि शिपायांस संच देण्याआधीं तो गाडी चालवीत असतां, हातमोजे घालून, पावसांत भिजत वापरावयास लावावें. खोलींतल्या टेबलाशीं सर्वच संच चांगले वाजतात.

डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांचा प्रश्न निराळा आहे. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. त्याचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. त्यांत इगतपुरी-कसारा दरम्यान सुमारें आठ किलोमीटरांचे जुळे बोगदे आहेत. खडकांतून बिनतारी लहर जात नाहीं. अशा लांब बोगद्यांत बिनतारी चालवावयाची तर छताखालून एक विशिष्ट केबल ओढतात. तिच्या कवचास ठराविक अंतरावर फटी ठेवलेल्या असतात, आणि त्यांतून लहर पाझरते, जशी शेतांतल्या ठिबकनळींतून पाण्याची धार.

आतां राहिला आपल्याकडचा दुवा. अपघात पाहणारा मनुष्य ११२ क्रमांक फिरवितो, आणि त्याची हांक राज्याच्या नवी मुंबई अथवा नागपूर येथील केंद्रांत जाते. तेथून ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे व जवळच्या गाडींतील पडद्यावर येते. गाडींतील पडदा मोबाईलच्या जाळ्यावर चालतो. जेथें तें जाळें नाहीं तेथें पुन्हां बिनतारी संचच उपयोगीं पडतो. म्हणजे दोन्हीं साधनें एकमेकांचीं सोबती आहेत. ह्या सांखळींतील पहिली कडी मात्र यंत्र नसून माणूस आहे, आणि त्यास विचारला जाणारा पहिला प्रश्न 'आपण कोठें आहां?' हाच असतो. 'पांढरकवड्याच्या अलीकडे, मोठ्या झाडाजवळ' ह्या उत्तरानें कांहीं कळत नाहीं. जखमीस मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्याचें संरक्षण दिलेलें आहे. आपलें नांव सांगण्याची सक्ति त्याजवर नाहीं. त्यानें सांगावयाचें तें जागेचें नांव. रस्त्याच्या कडेस जे दगड असतात, त्यांपैकीं राष्ट्रीय महामार्गावरील दगडाचा माथा पिवळा व राज्य महामार्गावरील हिरवा असतो. दगडावर किलोमीटरचा आंकडा असतो. तो आंकडा आणि आपण कोणत्या गांवाकडे तोंड करून उभे आहों एवढें सांगितलें कीं, नियंत्रण कक्षांतील माणूस तेंच वाक्य बिनतारीवर उच्चारतो, आणि गस्तीच्या गाडीच्या चालकास ती कोठें वळवून घ्यावी हें समजतें.